वृत्ती आणि नकार : लेखकाच्या निर्वाहाचा प्रश्न आणि सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना

१

मराठीत ‘वृत्ती’ हा एकच शब्द मनाचा कल आणि चरितार्थाचे साधन या दोन्ही अर्थांनी चालत आला आहे. ‘त्याची वृत्ती उदार आहे’ या वाक्यातील शब्द आणि जुन्या कागदपत्रांत गावच्या जोशाच्या हक्काला लावलेला शब्द यांत फरक नाही. शिष्यवृत्ती आणि भिक्षावृत्ती हे शब्द याच घराण्यातले. कोणाचा वृत्तिच्छेद करणे हे जुन्या धर्मसमजुतीत मोठे पातक गणले जाई. ज्याच्या मिळकतीला काहीच ठरीव आधार नाही, त्याच्या निर्वाहाला ‘आकाशवृत्ती’ म्हणत. पाऊस पडला तर पडला, अशी ती स्थिती. न मागता मिळेल त्यावर राहणाऱ्याची ती ‘अयाचितवृत्ती’. माणूस कशावर जगतो आणि त्याचे मन कोणत्या दिशेला वळते, या दोन गोष्टींना भाषेने एकच नाव द्यावे, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

याच्या जोडीला मराठीत ‘मिंधा’ हा दुसरा एक शब्द आहे. ज्याच्या उपकाराखाली आपण आहो त्याच्यापुढे मान वर करता न येणे, हा मिंधेपणा. उपकार करणारा दुष्ट असलाच पाहिजे असे नाही. तो सज्जन असला तरी मिंधेपणा सुटत नाही, उलट अधिक जाणवतो. वृत्ती आणि मिंधेपणा या दोन शब्दांच्या मधल्या जागेत भारतीय लेखकाच्या स्वातंत्र्याचा इतिहास बराचसा सामावलेला आहे.

गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी आणि राज्यकर्त्यांनी ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ या कल्पनेची पुष्कळ चर्चा केली आहे. प्रत्येक व्यक्तीला तिची मिळकत, काम वा लायकी न पाहता, ठरावीक मुदतीने राज्यसंस्थेने निर्वाहापुरती रोख रक्कम द्यावी, असा तिचा आशय. ही चर्चा बहुधा दारिद्र्यनिर्मूलनाच्या आणि खर्चाच्या अंगाने होते. तिचे एक अंग मात्र साहित्याच्या अभ्यासकांच्या अधिक परिचयाचे आहे. आपले काम आपण निवडावे, आणि न पटणारे काम नाकारावे, हे सामर्थ्य माणसाला कशाने येते, हा प्रश्न राजाश्रय, दक्षिणा, नोकरी आणि पुरस्कार यांच्या इतिहासात वारंवार उभा राहिलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही उदाहरणे तपासून या नव्या कल्पनेचे खरे वेगळेपण कशात आहे ते पाहावयाचे आहे.

२

राजाश्रय नाकारणारा कवी ही भारतीय भाषांतील एक आवडती प्रतिमा आहे. तेलुगूमध्ये भागवत रचणाऱ्या पोतनाने आपला ग्रंथ राजाला अर्पण करण्याचे नाकारले आणि शेतीवर निर्वाह केला, असे परंपरा सांगते. व्रजभाषेतील अष्टछाप कवींपैकी कुंभनदास यांना अकबराने फत्तेपूर सीक्रीला बोलावून नेल्याची आणि तेथील मुजऱ्याचा त्यांना पश्चात्ताप झाल्याची कथा वैष्णव वार्तासाहित्यात प्रसिद्ध आहे. शिवाजीमहाराजांनी पाठवलेला नजराणा तुकारामांनी परत केला, ही मराठी परंपरेतील कथा तर सर्वश्रुतच आहे. या कथांचे ऐतिहासिक प्रामाण्य हा वेगळा प्रश्न. एकमेकांपासून दूर असलेल्या तीन भाषांनी आपल्या थोर कवीविषयी एकाच घडणीची कथा जपावी, ही गोष्ट मात्र अर्थपूर्ण आहे.

या कथा वाचताना भर नेहमी कवीच्या निःस्पृहतेवर दिला जातो. तो नकार कशाच्या बळावर दिला गेला, हे क्वचितच विचारले जाते. पोतना आणि कुंभनदास हे दोघेही, परंपरेनुसार, शेती करणारे होते. राजाकडे पाठ फिरवल्यावर परत जायला त्यांना शेत होते. याउलट, ज्याला पोतनाचा मेहुणा मानण्यात येते तो दरबारी कवी श्रीनाथ ऐश्वर्यात राहिला. पण आश्रयदाती राज्ये लयाला गेल्यावर त्याची अखेर दारिद्र्यात झाली, असे सांगतात. राजाश्रयाची वृत्ती मोठी असेल, पण ती दुसऱ्याच्या हातची होती. शेताची वृत्ती तोकडी, पण आपल्या हातची होती.

तुकारामांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. घरात महाजनकी होती, व्यापार होता. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तो व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे विरक्ती आल्यावर लोकांकडून येणे असलेल्या रकमेची कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याचा विचार त्यांनी केला, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा याने आपला वाटा मागून घेतला; निम्मी खते त्याला मिळाली आणि तुकारामांच्या वाट्याची तेवढी पाण्यात गेली, अशी कथा आहे. परंपरेने कान्होबाला दोष दिलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संसार करणाऱ्याला आधार लागतो, हे तिला ठाऊक होते. तुकारामांच्या नकाराचे मोल ज्या घरात चुकते झाले त्या घरात जिजाई होती. तिची कजाग, भांडखोर अशी जी प्रतिमा कीर्तनांतून रंगवली गेली, ती जरा बाजूला सारली तर मुलांच्या पोटाची काळजी वाहणारी एक बाई तेथे दिसते. नकार कवीचा, त्याची झळ घरच्या बाईला, हा प्रकार भारतीय साहित्याच्या इतिहासात तुकारामांपुरता मर्यादित नाही.

तेव्हा या कथांतून निघणारा पहिला निष्कर्ष असा : नकार हा केवळ मनोधैर्याचा गुण नाही. त्याला खाली काही जमीन लागते. ती नसेल तर एक तर नकारच दिला जात नाही, किंवा त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

३

व्यक्तिगत राजाश्रयाकडून संस्थात्मक साहाय्याकडे झालेल्या प्रवासाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दक्षिणा. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली, श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा पुढे पेशव्यांनी उचलली आणि पुण्यात ती फार मोठ्या प्रमाणावर चालवली. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने ती एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि तिचा काही भाग १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज करून मागणी केली, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. सनातनी मंडळींचा विरोध होऊनही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली.

ही सुधारणा मोठी होती यात शंका नाही. जन्माच्या अटीच्या जागी गुणाची अट आली. पण अट राहिलीच. आणि गुण ठरवणारी समिती कोणाची, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. भटजी एका शेतकरी कुटुंबाला धर्माच्या नावाने कसे नागवतो आणि शिक्षणाने त्या कुटुंबाचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारण्यात आले, असे फुले यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे. आधुनिक मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभीची ही संहिता त्यानंतर शतकाहून अधिक काळ वाचकांपुढे आली नाही.

फुले त्यामुळे गप्प बसले नाहीत. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. याचे श्रेय त्यांच्या निष्ठेला आहेच. पण त्यांच्या चरितार्थाची व्यवस्था दक्षिणेवर अवलंबून नव्हती, हेही विसरता येत नाही. शेती, फुलांचा व्यवसाय आणि बांधकामाची कंत्राटे हे त्यांचे उद्योग होते. कमिटीने नाकारलेला लेखक स्वतःच्या उत्पन्नावर उभा होता, म्हणून तो पुन्हा लिहू शकला. ज्या लेखकाजवळ असे दुसरे उत्पन्न नव्हते आणि ज्याचे हस्तलिखित असेच परत आले, त्याचे नाव साहित्येतिहासाच्या कोणत्याही पानावर सापडणार नाही. इतिहास जे लिहिले गेले त्याचा होतो. जे लिहिले गेले नाही त्याची नोंद ठेवण्याची सोय त्याच्याजवळ नसते.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लेखकाच्या निर्वाहाचे मुख्य साधन नोकरी हे झाले. शिक्षक, कारकून, संपादक, पुढे आकाशवाणीचा नोकर, प्राध्यापक. आश्रयदात्याची मर्जी सांभाळण्यापेक्षा महिन्याचे वेतन अधिक सन्मानाचे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु वेतनालाही अटी होत्या. प्रेमचंद शिक्षण खात्यात नोकरीला असताना १९०८ मध्ये त्यांचा ‘सोज़े वतन’ हा कथासंग्रह निघाला. तो राजद्रोही ठरला, त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या आणि यापुढे लिहिलेले आधी दाखवले पाहिजे असा आदेश त्यांना मिळाला. ‘नवाबराय’ हे नाव टाकून ‘प्रेमचंद’ हे नाव त्यांनी घेतले ते या प्रसंगानंतर. हिंदीतील या सर्वांत प्रसिद्ध टोपणनावाच्या मुळाशी नोकरी टिकवण्याची निकड आहे. १९२१ मध्ये त्यांनी ती नोकरी असहकाराच्या हाकेला ओ देऊन सोडली. त्यानंतरचा काळ छापखाना, नियतकालिके आणि कर्ज यांच्या ओढाताणीत गेला. १९३४ मध्ये ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले तेही मुख्यतः पैशाच्या अडचणीमुळे. वर्षभरात परतले आणि १९३६ मध्ये वारले.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) यांच्या घरची भाषा मराठी; धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील महत्त्वाचे कवी; स्वतः गजानन हिंदीत लिहीत राहिले. त्यांच्या चरित्राचा आलेख म्हणजे नोकऱ्यांची यादीच आहे : माळव्यातील शाळा, बनारस, जबलपूर, नागपुरात सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक, आणि अखेर १९५८ पासून राजनांदगावचे महाविद्यालय. मिळकतीला जोड म्हणून लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या दीर्घ कवितांतील भयाचे, पाठलागाचे आणि अपराधभावनेचे विश्व केवळ आर्थिक विवंचनेतून उलगडता येणार नाही. तसे करणे उथळपणाचे होईल. पण अभिव्यक्तीचे सर्व धोके पत्करावेत की नाही हा त्या कवितेचा मध्यवर्ती प्रश्न, कुटुंबाचा भार असलेल्या आणि पायाखाली ठाम नोकरी नसलेल्या माणसाने विचारलेला आहे, याचा विसर पडता कामा नये.

येथे एक आक्षेप संभवतो. दारिद्र्यातूनच थोर साहित्य निर्माण होते, असे पुष्कळदा बोलले जाते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्या जीवनावाचून त्यांची कविता झाली असती काय? अण्णाभाऊ साठे यांच्याविषयीही असेच विचारता येईल. हा युक्तिवाद अनुभव आणि अगतिकता यांची गल्लत करतो. श्रमाच्या अनुभवाने कविता समृद्ध झाली असेल. दुसरा मार्गच नसण्याने ती झाली, असे सिद्ध होत नाही. शिवाय एका सुर्व्यांचे उदाहरण देताना त्याच चाळींत, त्याच पाळ्यांत राबून एक ओळही न लिहिता गेलेल्यांची गणना कोणी केलेली नाही.

५

आता मूळ कल्पनेकडे वळता येईल. तिचा वंश जुना आहे. टॉमस पेन याने १७९७ मध्ये असे मांडले, की पृथ्वी ही मुळात सर्वांची. जमीनधारकांनी तिचा जो भाग व्यापला त्याची भरपाई म्हणून प्रत्येकाला वयाच्या २१ व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दर वर्षी १० पौंड मिळावेत. हे दान नव्हे, हक्क आहे, यावर त्याचा कटाक्ष होता. मिंधेपणाच्या प्रश्नाला त्याने दिलेले हे उत्तर आहे. जे आपलेच होते ते परत मिळाले तर त्यात उपकार कोणाचाच होत नाही.

भारतात या कल्पनेला सरकारी दस्तऐवजात ठळक स्थान मिळाले ते २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत. तेथील प्रकरण महात्मा गांधींशी संवाद या रूपात मांडलेले आहे. काम न करता खाणे गांधींना मान्य झाले असते काय, ही शंका घेऊनच ते पुढे जाते. त्याआधी, २०११ पासून, मध्य प्रदेशातील काही गावांत ‘सेवा’ या स्त्रीकामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला होता. आठ गावांतील प्रत्येक प्रौढाला प्रथम महिन्याला २०० रुपये आणि मुलाला १०० रुपये, पुढे अनुक्रमे ३०० आणि १५० रुपये, कोणत्याही अटीवाचून देण्यात आले. रक्कम लहान होती. तरीही लोक काम सोडून बसले नाहीत. उलट, दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेताकडे वा धंद्याकडे वळण्याचा कल दिसून आला, आणि कर्जाचा भार हलका झाला. पोतना आणि कुंभनदास यांच्या कथांत नकाराला जो आधार शेताने दिला, तो येथे महिन्याच्या काही रुपयांनी दिला, असे म्हणता येईल. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेकारांना महिन्याला ५६० युरो देऊन पाहिले, तेथेही आळस वाढल्याचे आढळले नाही. मनःस्वास्थ्य मात्र सुधारलेले आढळले.

साहित्याच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय प्रयोग आयर्लंडचा. तेथे २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना तीन वर्षांसाठी सुरू झाली आणि पुढे तिची मुदत वाढवण्यात आली. पात्र अर्जदार जागांच्या अनेक पट होते. त्यांतून निवड झाली ती गुणवत्तेवर नव्हे, सोडत काढून. कोणाचे लेखन चांगले हे ठरवणारी समिती तेथे नव्हती. दक्षिणा प्राइझ कमिटीची आठवण ठेवणाऱ्या वाचकाला या तपशिलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि या योजनेतही एक दार राहिलेच : अर्जदार कलावंत आहे हे आधी सिद्ध व्हावे लागे. ‘तृतीय रत्न’ लिहिणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला, किंवा अद्याप एकही ओळ न छापलेल्या गिरणीकामगाराला, ते सिद्ध करता आले असते काय? सार्वत्रिकतेचा आग्रह येथे केवळ समतेचा राहत नाही. लेखक कोण होणार हे आधी कोणालाच, खुद्द लेखकालाही, ठाऊक नसते. म्हणून लेखकांसाठी करावयाची तजवीज सर्वांसाठीच करावी लागते.

६

या कल्पनेवरील आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांतील दोन महाराष्ट्राच्या अनुभवातून येतात. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या नावाशी निगडित असलेल्या रोजगार हमी योजनेने उत्पन्नाचा नव्हे, कामाचा हक्क मान्य केला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे त्याचीच प्रेरणा होती. मागेल त्याला काम, या सूत्रात श्रमाची प्रतिष्ठा आहे. आणि ते मागणाऱ्याला सावकाराच्या वा जमीनदाराच्या दारातून मोकळे करते, हेही खरे. परंतु कोणते काम, याची निवड त्यात नाही. खडी फोडण्याची हमी ही उपासमारीविरुद्धची हमी आहे. ती माणसाला आपली वृत्ती, या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने, ओळखायला सवड देत नाही. दोन्ही हक्क परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पण एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप रकमेचा आणि तिच्या मोबदल्याचा. रोख रकमेच्या बदल्यात शिधा, शाळा आणि दवाखाने यांवरील खर्च आखडता घेतला, तर दिलेले एका हाताने काढून घेतल्यासारखे होईल. बाजारभाव वाढले की रोख रक्कम विरघळते. शिधापत्रिकेवरचे धान्य तसे विरघळत नाही. म्हणून मूलभूत उत्पन्न हे सार्वजनिक सेवांच्या जागी नव्हे, त्यांच्यावर उभे राहिले तरच त्याला नकाराचे सामर्थ्य देता येईल. हा खर्च पेलण्याजोगा आहे की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत प्रामाणिक मतभेद आहेत, आणि साहित्याचा अभ्यास तो वाद मिटवू शकत नाही.

एका बाबतीत मात्र त्याला सांगण्यासारखे आहे. ही रक्कम कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला मिळावी, हा या कल्पनेतील मुद्दा तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो जिजाईचा मुद्दा आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये स्त्रीला लिहिण्यासाठी वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी असे मांडले, तेव्हा ते उत्पन्न वारशाने मिळणारे कल्पिले होते. ज्यांना असा वारसा नाही त्यांचे काय, हा प्रश्न तेथे उरला होता. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने महिन्याला १,५०० रुपये थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात देण्याचे ठरवले. वयाच्या आणि कौटुंबिक उत्पन्नाच्या अटी असल्यामुळे ती सार्वत्रिक नव्हे, आणि ‘बहीण’ या संबोधनात आश्रयदात्या भावाची छायाही आहे. हक्काची भाषा आणि ओवाळणीची भाषा यांत अंतर आहे. तरीही पैसा कोणाच्या नावावर येतो, या प्रश्नाला धोरणात जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

७

राजाश्रयाने कवीकडे स्तुती मागितली, दक्षिणेने आधी जन्म आणि मग समितीची पसंती मागितली, वेतनाने वेळ आणि पुष्कळदा मौन मागितले, आयर्लंडच्या योजनेने कलावंत असल्याचा पुरावा मागितला. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचे वेगळेपण ते किती देते यात तितकेसे नाही. ते काही मागत नाही, यात आहे. त्याने थोर साहित्य निर्माण होईल अशी हमी कोणी देऊ नये. पोतनाच्या काळी शेत असलेले सगळेच कवी झाले नाहीत.

मात्र साहित्येतिहासाला आजवर नकाराच्या ज्या कथा सांगता आल्या त्या सर्व अपवादाच्या आहेत, आणि अपवाद म्हणूनच त्या जपल्या गेल्या. राजाला नाही म्हणणारा, समितीने परतवल्यावर पुन्हा लिहिणारा, चालती नोकरी सोडणारा, हे आदराला पात्र आहेतच. पण ज्या समाजात नकार देण्यासाठी संत किंवा वीर असावे लागते, त्या समाजात सामान्य माणसाची वृत्ती, दोन्ही अर्थांनी, दुसऱ्याच्या हाती असते. ती त्याच्या स्वतःच्या हाती यावी, आणि तिची किंमत घरातल्या कोणा जिजाईला मोजावी लागू नये, इतकीच या कल्पनेमागची मागणी आहे. तिची आर्थिक बाजू तपासणे अर्थशास्त्राचे काम. ती मागणी नवी नाही आणि परकीही नाही, हे दाखवणे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांच्या वाट्याला येते.